आवाज थांबतो, विष उरते

समुद्राच्या पोटात गाढ शांतता असते, ही किनाऱ्यावरून पाहणाऱ्याची समजूत आहे. प्रत्यक्षात समुद्र हे ध्वनीचे राज्य आहे. सूर्यप्रकाश स्वच्छ पाण्यातही दोनशे मीटरच्या खाली फारसा पोहोचत नाही; नदीमुखाजवळच्या गढूळ पाण्यात तर हातभर अंतरावरचे दिसणेही कठीण. ध्वनी मात्र हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. जमिनीवरचे प्राणी डोळ्यांनी जे साधतात, ते समुद्रातील अनेक जीव कानांनी साधतात. भक्ष्य शोधणे, पिलाला हाक देणे, जोडीदार मिळवणे, धोका ओळखणे हे सारे ध्वनीच्या आधाराने चालते.

या जगात माणसाने दोन गोष्टी सोडल्या: गोंगाट आणि घाण. दोन्ही प्रदूषणच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात सागरी प्रदूषणाची व्याख्या करताना पदार्थांबरोबर ऊर्जेचाही उल्लेख आहे, आणि ध्वनी ही ऊर्जाच होय. मात्र या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. गोंगाट बंद केला की समुद्र त्याच क्षणी मोकळा होतो. घाण सोडणे बंद केले तरी ती पिढ्यान्‌पिढ्या उरते. किनाऱ्यावर जगणाऱ्या गोव्यासारख्या राज्याने कोणता उपाय आधी हाती घ्यावा, याचे उत्तर या फरकात दडलेले आहे.

किनाऱ्यालगतचा रहिवासी

सिकेरी, मोरजी, पाळोळे या भागांतून होड्यांमधून पर्यटकांना जे डॉल्फिन दाखवले जातात, ते प्रामुख्याने हिंदी महासागरातील हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले डॉल्फिन होत. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना स्थान आहे आणि जागतिक यादीत त्यांची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. हा प्राणी खोल समुद्रात राहत नाही. किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा आणि नद्यांची मुखे हेच त्याचे घर. नेमक्या त्याच पट्ट्यात मच्छीमार ट्रॉलर, मालवाहू बार्जेस, पर्यटकांच्या होड्या आणि बंदराकडे ये-जा करणारी जहाजे यांची वर्दळ असते.

डॉल्फिन तोंडाने नव्हे, तर डोक्यातील नासिकामार्गातून सूक्ष्म टकटक उत्पन्न करतो आणि तिचा प्रतिध्वनी ऐकून पुढे मासा आहे की खडक, हे ओळखतो. एकमेकांना ओळखण्यासाठी तो शिट्ट्या वापरतो. होडीचा पंखा वेगाने फिरतो तेव्हा पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. होडीच्या गोंगाटाचा मोठा भाग हाच असतो. या गोंगाटात प्रतिध्वनी आणि शिट्ट्या बुडून जातात. भर बाजारात दोन माणसे बोलू लागली की आवाज चढवतात आणि वाक्ये तोकडी करतात. डॉल्फिनही तेच करतो. अमेरिकेच्या मेरीलँड किनाऱ्याजवळील बॉटलनोझ डॉल्फिनवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जहाजांचा आवाज वाढल्यावर त्यांच्या शिट्ट्या अधिक उंच पट्टीच्या आणि अधिक साध्या झाल्याचे दिसले. शिट्टी साधी झाली की तिच्यातून मिळणारी ओळखही पुसट होते.

एकाच कळपाभोवती अनेक होड्या जमतात तेव्हा कळपाचा खाण्याचा, विसाव्याचा आणि पिलाला दूध पाजण्याचा वेळ जातो. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण डॉल्फिन मरून पडत नाही. तो केवळ थोडे कमी खातो आणि थोडे अधिक पोहतो.

गोंगाटाची झळ केवळ डॉल्फिनला बसत नाही. ढोमा आणि घोळ यांच्या कुळातील मासे हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात आणि प्रजननाच्या काळात त्यानेच परस्परांना बोलावतात. म्हाकुळाच्या शरीरात तोल सांभाळणारे एक सूक्ष्म इंद्रिय असते. मंद कंपनाचा तीव्र आवाज सोसल्यानंतर त्याच्या कुळातील प्राण्यांच्या या इंद्रियाला इजा झाल्याचे स्पेनमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. म्हणजे प्रश्न जाळ्यात येणाऱ्या मासळीचाही आहे.

शांततेचे दोन पुरावे

गोंगाट कमी केल्याने खरोखर फरक पडतो काय, याचे उत्तर दोन घटनांनी दिले आहे.

पहिली घटना कोणी ठरवून घडवली नव्हती. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची वाहतूक मंदावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालील आवाज सहा डेसिबलने उतरला. त्या काळात तेथे राइट व्हेल या दुर्मीळ देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करण्याचे काम चालू होते. नमुने तपासले असता शरीरावरील ताण दर्शवणाऱ्या संप्रेरकांच्या अंशांचे प्रमाण घटलेले आढळले. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांच्या आवाजामुळे देवमासे सतत ताणाखाली जगतात, याचा तो ठोस पुरावा ठरला.

दुसरी घटना स्पेनच्या कॅनरी बेटांची. तेथे २००२ मध्ये नौदलाच्या कवायतीच्या वेळी चोचवाले देवमासे मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागले. मृत देवमाशांच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे सापडले. पाणबुड्या घाईने वर आल्यास त्याला जो विकार जडतो, तसाच हा प्रकार होता. तीव्र सोनार ध्वनीने बिथरल्यामुळे त्यांचे बुडी मारण्याचे तंत्र बिघडले असावे, असे अनुमान निघाले. स्पेनने २००४ मध्ये या बेटांभोवती सोनारच्या वापरावर बंदी घातली आणि त्यानंतरच्या वर्षांत तसे सामूहिक मृत्यू तेथे थांबले.

जामबागेजवळून वाहणारे पाणी

घाणीचे गणित निराळे आहे आणि ते किनाऱ्यावर सुरूही होत नाही. समुद्रापासून जवळपास तीनशे किलोमीटर दूर असलेल्या हैदराबादचे उदाहरण घेता येईल. तेथील जामबाग हा भाग विवेकवर्धिनी या १९०७ साली सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेमुळे मराठी माणसाला परिचित आहे. तेथून थोड्याच अंतरावर मुसी नदी वाहते. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराचे सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेकडे जाते आणि नलगोंडा जिल्ह्यात कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत धरणे आणि बंधारे बरेच काही अडवतात, तरी पावसाळ्यातील पुराला समुद्राखेरीज दुसरा मुक्काम नाही.

हैदराबाद हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र. शहरालगतच्या पटानचेरू औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी शुद्धीकरणानंतर तपासले असता त्यात सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये जाहीर केले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतके प्रमाण नसते. अशा पाण्यात जे जिवाणू तगतात, ते औषधाला न जुमानणारे असतात. आणि जिवाणू नदीबरोबर प्रवास करतात.

समुद्रात पोहोचल्यावर काय होते, हे फ्लोरिडातील डॉल्फिनच्या अभ्यासातून कळते. इंडियन रिव्हर लगून या खाजणात २००३ ते २०१५ या काळात डॉल्फिनच्या शरीरातून मिळवलेल्या जिवाणूंपैकी ८८ टक्के जिवाणू किमान एका प्रतिजैविकाला दाद देत नव्हते. डॉल्फिनला कोणी गोळ्या दिल्या नव्हत्या. माणसाच्या औषधाचा परिणाम पाण्यातून त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

चरबीत साठलेला इतिहास

काही रसायने याहूनही चिवट असतात. विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी ही तेलकट रसायने ब्रिटनने १९८० च्या दशकातच बंद केली. २००१ च्या स्टॉकहोम करारानेही त्यांच्यावर जागतिक बंदी आणली. तरीही जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर मृतावस्थेत सापडलेल्या ‘लुलू’ नावाच्या ऑर्का मादीच्या चरबीत, इजा सुरू होण्याची जी मर्यादा मानली जाते, तिच्या शंभरपट पीसीबी आढळले. ती किमान वीस वर्षांची होती, पण तिला कधी पिलू झाल्याची खूण मिळाली नाही. लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना ही रसायने दाट होत जातात, शेवटी देवमाशांच्या चरबीत साठतात आणि आईच्या दुधातून पहिल्या पिलाला सर्वाधिक मिळतात.

गोंगाट आणि घाण यांची गाठ येथे पडते. गोंगाटामुळे पोटभर न खाल्लेला डॉल्फिन साठवलेली चरबी जाळतो. चरबी वितळली की तिच्यात कोंडलेले विष रक्तात उतरते. सततच्या ताणाने रोगप्रतिकारशक्ती खचते आणि पीसीबीसारखी रसायने ती आणखी खचवतात. अशा शरीरात औषधाला न जुमानणारा जिवाणू शिरला, तर मृत्यूचे कारण ‘जंतुसंसर्ग’ असे नोंदवले जाते. होडीचा पंखा किंवा शेकडो किलोमीटर दूरचे गटार त्या नोंदीत येत नाही.

गोव्याच्या हाती काय

भारतातील ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम हवेतील आवाजासाठी आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांचा पाण्याखालील आवाज कमी करण्याविषयी २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. मात्र त्या ऐच्छिक आहेत. कॅनडात व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून ऑर्कांच्या वावराच्या पट्ट्यात जहाजांना वेग कमी करण्याची विनंती केली. वेग उतरल्यावर आवाजही उतरला.

गोव्यात याहून सोपे मार्ग आहेत. डॉल्फिन दिसताच होडीचा वेग कमी करणे, कळपाला न घेरणे, त्याची वाट न अडवणे, एका कळपाजवळ एका वेळी मोजक्याच होड्या आणि मोजकाच वेळ, या गोष्टींना खर्च जवळपास नाही. उलट इंधन वाचते आणि डॉल्फिन जवळ टिकले तर होडीवाल्याचा धंदाही टिकतो. पंखा गुळगुळीत आणि दुरुस्त ठेवला तरी आवाज घटतो.

मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी विश्रांती देण्याची शिस्त या किनाऱ्याने अंगवळणी पाडून घेतली आहे. पावसाळ्यात मच्छीमार ट्रॉलर जेटीवर असतात आणि पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्याला ओढलेल्या असतात. वर्षातील हे काही आठवडे पाण्याखाली माणसाचा आवाज सर्वांत कमी असतो. विश्रांतीचे हेच तत्त्व उरलेल्या दहा महिन्यांत, डॉल्फिनच्या पट्ट्यापुरते तरी, लागू करता येण्याजोगे आहे.

मांडवी, जुवारी, शापोरा आणि साळ या नद्यांत उतरणाऱ्या सांडपाण्याचे काम दीर्घ पल्ल्याचे आहे आणि त्याचे फळ उशिरा मिळेल. म्हणूनच ते लांबणीवर टाकता येणार नाही, कारण आज सोडलेले विष उद्याच्या पिलाच्या दुधात असेल. गोंगाटाचे तसे नाही. तो कमी करण्याचा निर्णय झाला, तर त्याचा परिणाम त्याच दिवशी सिकेरीच्या पाण्यात जाणवेल.