खलनायकाची नेमणूक कोण करतो?

“तू कमला हो की रं!”

हा हुकूम मी लहानपणी किती वेळा ऐकला, त्याची मोजदाद नाही. साल १९९३च्या आगेमागेचे. कुरुंदवाडात केबल नुकतीच आली होती आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्त्यांनी आम्हा पोरांना वेड लावले होते. शाळा सुटली की नदीकाठच्या मऊ मातीत काठीने चौकोन आखायचा, ती आमची रिंग. होगन कोण, अंडरटेकर कोण, ब्रेट हार्ट कोण, हे ठरवणारी पोरे वरच्या आळीतली. बौद्धवाड्यातून खेळायला गेलेल्या काळ्यासावळ्या माझ्या वाट्याला कायम एकच नाव यायचे : कमाला, ‘युगांडाचा महाकाय’. पोरे त्याला ‘कमला’ म्हणत आणि बाईचे नाव म्हणून वर हसत. माझे काम रोजचे ठरलेले. आरडाओरडा करायचा आणि शेवटी पाठीवर पडायचे.

हे सारे मी विसरलो होतो. मध्यंतरी वाड्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले. “जय भीम, वकीलसाहेब. एक विचारायचं होतं. पोराच्या शाळेत नाटक बसतंय. सरांनी सगळ्यांना कामं वाटली. आमच्या पोराला राक्षसाचं दिलं. का, तर ‘तुझ्या चेहऱ्याला शोभतंय’ म्हणाले. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. याला काय कायदा आहे का?”

मी कायद्याचा माणूस. पण उत्तर देण्याआधी मला नदीकाठचा तो चौकोन आठवला. खलनायक जन्माला येतो की नेमला जातो? नेमला जात असेल, तर नेमणूक कोण करतो?

वाचकहो, आपण कोल्हापूर जिल्ह्यातली माणसे. कुस्ती आपल्या रक्तात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा दौरा केला, रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. १९१२ साली ते पूर्ण झाले. ज्या वर्षी महाराज युरोपात होते त्याच वर्षी मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खासबागेतली पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. दोघेही पंजाबकडचे, दोघेही मुसलमान. कोल्हापूरकरांनी त्यातल्या कोणाला खलनायक ठरवले नाही. कारण मातीतल्या कुस्तीत खलनायक नसतो. तिथे ‘जोड’ असतो. वस्ताद म्हणतात, पैलवान खुराकाने वाढतो, पण मोठा होतो तो जोडीने. तोलामोलाचा गडी समोर आल्याशिवाय आपली ताकद आपल्यालाच कळत नाही. निकाल लागेपर्यंत तो कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून प्रेक्षक श्वास रोखून बसतो.

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्या भाषेत ती नुरा कुस्ती. मग प्रेक्षकाने तिकीट काढून यायचे कशासाठी? निकालाची उत्सुकता नाही, तर तिच्या जागी दुसरे काहीतरी हवे. ती जागा द्वेषाने भरून काढली जाते. म्हणून या धंद्याला खलनायक लागतो, आणि तो शिस्तीत घडवला जातो. आधी तो दुबळ्या गड्यांना मिनिटा-दोन मिनिटांत लोळवतो. मग लाडक्या नायकावर पाठीमागून हल्ला करतो. मग गावोगाव त्याच जोडीच्या लढती होतात. प्रत्येक गावी नायक जिंकता जिंकता राहतो आणि लोकांचा राग साठत जातो. राग पुरेसा साठला की नायक जिंकतो. खुन्नस जितकी लांबते, तितका खलनायक मोठा होतो. गंमत अशी, की रिंगमध्ये परंपरेने लढत पुढे नेणारा खलनायकच असतो. आता कोणी पडायचे, कधी उठायचे, हे तोच कानात कुजबुजतो. म्हणजे राबणारा तो, टाळ्या दुसऱ्याला!

याचे घरचे उदाहरण दारासिंग आणि किंगकाँगचे. किंगकाँगचे खरे नाव एमिल चाया. १९०९ साली तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेला हा अवाढव्य देहाचा गडी सिंगापूर-मलायात गर्दी खेचत होता. दारासिंगही तरुणपणी सिंगापूरला गेले आणि पुढे दोघांची जोडी लागली. मुंबईच्या लोकांनी ही खुन्नस डोळ्यांनी पाहिली, खेड्यापाड्यांतल्या लोकांनी ती कानांनी ऐकली. आमचे आजोबा कधी मुंबईला गेले नाहीत, पण दारासिंगांनी किंगकाँगला कसा उचलून फेकला हे ते हातवारे करून सांगत. दारासिंग मोठे झाले ते आपल्या ताकदीने, यात शंका नाही. पण ती ताकद लोकांच्या डोळ्यांत भरली ती समोरच्या डोंगरामुळे. डोंगरालाही नाव मिळाले. आजही आपल्याकडे धिप्पाड माणसाला किंगकाँग म्हणतात. मात्र १९६२ साली ‘किंगकाँग’ याच नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा त्याचे नायक दारासिंग होते! खलनायकाचे नावसुद्धा शेवटी नायकाच्या खात्यावर जमा झाले. दारासिंग पुढे दूरदर्शनवर हनुमान झाले, राज्यसभेत गेले. किंगकाँग १९७० साली मोटार अपघातानंतर सिंगापुरात वारला.

आता माझ्या कमालाकडे येतो.

कमाला युगांडाचा नव्हताच! त्याचे नाव जेम्स हॅरिस. १९५० साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या गरीब काळ्या कुटुंबात तो जन्मला. १९८२ साली मेम्फिसमधल्या कुस्ती कंपनीने त्याचा ‘कमाला’ केला. तोंडावर रंग, अंगावर चांदण्या रंगवलेल्या, पाय अनवाणी, हातात भाला. बरोबर एक ‘हाताळणारा’, तोही शिकारी साहेबाच्या टोपीत आणि वेशात! आधी गावच्या नायकाशी, मग आंद्रे द जायंटशी, मग होगनशी त्याचे वैर लावले गेले आणि त्या वैरांच्या पायऱ्या चढत तो जगप्रसिद्ध झाला. १९९२च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ८० हजार लोकांसमोर तो अंडरटेकरशी लढला आणि हरला. नोव्हेंबरमध्ये त्याच वैराचा शेवट त्याला शवपेटीत घालून करण्यात आला. तीच लढत पाहून आमची पोरे मला नदीकाठच्या खड्ड्यात घालायची.

सगळ्यात बोचणारी गोष्ट निराळीच आहे. कमालाला बोलायची परवानगी नव्हती. इंग्रजी ही त्याची मातृभाषा, पण ‘रानटी माणूस’ बोलणार कसा? नायक माईकवर गर्जत, आणि हा पोटावर थापा मारत हुंकार काढी. ज्यांच्या घरात ‘मूकनायक’चे नाव आदराने घेतले जाते त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आधी माणसाची जीभ काढून घ्यायची, मग त्याला बोलता येत नाही म्हणून जनावर ठरवायचे, ही रीत फार जुनी आहे. मोबदल्याचे म्हणाल तर नायकांच्या तुलनेत आपल्याला किती तुटपुंजे पैसे मिळाले हे हॅरिसने पुढे उघडपणे सांगितले. मधुमेहाने त्याचे दोन्ही पाय गेले. २०२० साली तो वारला. त्याआधी त्याने आत्मचरित्र लिहून ठेवले. त्याच्या नावाचा अर्थच ‘कमाला बोलतो’ असा आहे. माझ्या मते त्याची खरी कुस्ती ती, आणि ती त्याने निकाली जिंकली.

यावर कोणी म्हणेल, अहो, तो सारा खेळ आहे, मनावर काय घेता? खेळच आहे. तसे त्या कंपनीनेच कबूल केले. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे डब्ल्यूडब्ल्यूएफने आपली कुस्ती ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे सांगितले, कारण खेळ म्हटला की सरकारी नियम आणि कर मागे लागत होते. त्याआधी १९८७ साली त्याच राज्यात पोलिसांनी एक मोटार अडवली. आत इराणी खलनायक आयर्न शेख आणि अमेरिकेचा झेंडा नाचवणारा त्याचा वैरी जिम डगन शेजारी शेजारी बसलेले! गाडीत अमली पदार्थ सापडले हे खरे, पण बोभाटा झाला तो हाडवैरी एका गाडीतून फिरतात याचा. याच आयर्न शेखला डिसेंबर १९८३ मध्ये विजेता केले आणि चारच आठवड्यांत होगनकडून हरवले. होगनचा तारा उगवला तो तिथून. इराणमधल्या अमेरिकी ओलिसांचा राग लोकांच्या मनात ताजा होता. तो राग या एका माणसाच्या अंगावर चढवून विकला गेला.

२०१७ साली पाळी आपल्या माणसावर आली. कॅनडात जन्मलेला पंजाबी जिंदर महाल रँडी ऑर्टनला हरवून जगज्जेता झाला. आपल्याकडे पेढे वाटावेत असा प्रसंग. पण तिकडे तो खलनायक होता. तो पंजाबीत बोलू लागला की अमेरिकी प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. ज्यांना आपल्या गावात दुसऱ्याचा रंग आणि वेश पाहून हसू येते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. नेमणूक करणारा बदलला की खलनायकाच्या जागी आपणही असतो.

तरीही रिंगमधला खलनायक एका अर्थाने भाग्यवान. त्याच्या हातात करार असतो. त्याला मानधन मिळते. दिवे मालवले की तो रंग पुसतो आणि वैऱ्याबरोबर एका गाडीतून घरी जातो. आपल्या समाजात ज्यांना जन्मावरून, वस्तीवरून, कातडीवरून ही भूमिका दिली जाते, त्यांनी कुठल्या करारावर सही केली? गावात चोरी झाली की पहिला दरवाजा कोणत्या वाड्याचा वाजतो? आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मी कोर्टात रोज मांडतो. कोर्टाबाहेर ते लागू व्हायला अजून किती वर्षे लागणार?

आणि दुसरा खेळही आमच्याच गावात आहे. २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कुरुंदवाडच्या तीन पोरांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदके मिळवली. गणेश माळी, ओंकार ओतारी, चंद्रकांत माळी. एवढ्याशा गावाची तीन पदके! लोखंडी दांड्याला नायक-खलनायक कळत नाही. वजन उचलले तर उचलले, नाही तर नाही. माणसाचे मोल असे व्हावे.

त्या गृहस्थांना मी खरे तेच सांगितले. “प्रत्येक जखमेला कलम नसतं, दादा. पण प्रत्येक जखमेला प्रश्न असतो. शाळेत जा. भांडू नका. सरांना एवढंच विचारा, कामं वाटली कशी?” ते गेले. सर आधी गोंधळले, मग वरमले. बोलता बोलता मुलांनीच तोड काढली, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठ्यांत राक्षस निघाला गोऱ्यागोमट्या पाटलांच्या पोराला. त्याने कपाळाला काजळ फासून, मिशीवर ताव मारत ते काम असे झकास केले की टाळ्या थांबेनात. आपल्या पोराच्या चिठ्ठीत निघाला दरवानाचा छोटासा पार्ट. दोनच वाक्ये होती. ती त्याने खणखणीत म्हटली.

बंधू-भगिनींनो, राक्षसाचे काम करण्यात कमीपणा नाही. ते उत्तम करणाऱ्याला कलावंतच म्हणावे. कमीपणा आहे तो चेहरा पाहून काम वाटण्यात. तेव्हा उद्या तुमच्या पोराला कोणी म्हणाले, “तू कमला हो”, तर त्याला रडत घरी यायला शिकवू नका. एवढेच विचारायला शिकवा : “होतो की! पण चिठ्ठी टाकली का?”