मागे झुकणारी खुर्ची

मुलांनो, खुर्ची बनवायला काय काय लागतं? लाकूड, करवत, खिळे... आणि घरभर माणसं!

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ॲडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. तिथे शॅम्प्लेन सरोवराकाठी वेस्टपोर्ट गाव आहे. १९०३ साली थॉमस ली तिथे उन्हाळ्यात राहायला आले, पण अंगणात बसायला धड खुर्ची नव्हती. मग त्यांनी स्वतःच करवत उचलली. खुर्ची झाली की घरच्यांना बसवायचं आणि विचारायचं, "कसं वाटतंय?" कुणी नाक मुरडलं की पुन्हा नवी! शेवटी सगळ्यांना आवडली ती खुर्ची एकाच फळीतून कापलेल्या ११ तुकड्यांची होती.

यात एवढं काय विशेष? जरा ताठ बसून बघा. पाठीचे स्नायू सतत तुमचं धड सावरून धरतात, म्हणून थोड्या वेळाने पाठ दुखू लागते. मागे रेललात की धडाचा बराचसा भार पाठीमागची फळी घेते. पण नुसतं रेललं तर माणूस पुढे घसरतो! म्हणून या खुर्चीची बैठकही मागे उतरती आहे, पुढून उंच आणि मागून ठेंगणी. घसरायला वावच नाही. बैठक जमिनीलगत असल्यामुळे खुर्ची सहसा उलटतही नाही. आणि हात तर इतके रुंद, की सरबताचा पेला खुशाल ठेवावा.

हॅरी बनेल हे ली यांचे सुतार मित्र. हिवाळ्यात त्यांना काम नसे, म्हणून ली यांनी त्यांना ही रचना देऊन टाकली. बनेल यांनी १९०४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०५ मध्ये ते मिळालंसुद्धा, स्वतःच्या एकट्याच्या नावावर! मला हे मुळीच पटत नाही. ली यांचं नाव तिथे हवंच होतं.

ली यांच्या खुर्चीची पाठ रुंद, सपाट फळ्यांची होती. १९३८ मध्ये अर्विंग वोल्पिन यांनी पंख्यासारख्या पसरलेल्या अरुंद पट्ट्यांच्या पाठीचं पेटंट घेतलं. पट्ट्यांमुळे पाठीला बाक देता येतो, आणि फटींतून पावसाचं पाणीही निथळून जातं. आज जगभर दिसते ती हीच.

आता फूटपट्टी घ्या. घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या बैठकीची उंची पुढून आणि मागून मोजा. सगळ्यांत जास्त उतरती कुठली निघाली, ते आम्हाला नक्की कळवा!