शटरच्या पोटातला पहिलवान

पोशेऱ्यात बंद गॅरेज असलेलं घर शोधायला निघालात तर पायपीट फुकट जाईल. मोखाडा तालुक्याच्या या भागात जुन्या घरांना कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप आणि फळ्यांचं साधं दार. जीप असलीच तर ती अंगणात, उघड्यावर. पण जड दार इथल्या माणसालाही चुकलेलं नाही. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या बाजारात सकाळी उभे राहा, किराण्यापासून गिरणीपर्यंत एकामागून एक शटरं खडखडत वर जाताना दिसतील. तिकडे अमेरिकेत आपल्याच एखाद्या कुलकर्णी-पाटलांच्या घरी दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार बटण दाबून वर जातं. दोन्हीकडे खरं काम करते ती वळवलेली तार, म्हणजे स्प्रिंग. ती तुटली की दुकानदार आणि एनआरआय दोघेही सारखेच दारात अडकतात. या न दिसणाऱ्या पहिलवानाच्या या काही गमतीजमती.

शटर तुम्ही उचलतच नाही

तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच शटर घ्या. सरकारी बांधकामात त्यासाठी ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड लोखंडी पट्ट्या वापरायची पद्धत आहे. एवढ्या जाडीचा पत्रा नुसता सपाट धरला तरी त्याचं वजन ७४ किलोच्या आसपास भरतं. पट्ट्यांना बाक असतो, त्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, खाली जाड बॉटम पट्टी असते. सगळं मिळून शंभर किलोकडे झुकतं. तरीही सत्तरीतले शेठ एका हाताने ते वर ढकलतात. कारण वरच्या डब्यात, पाइपावर बसवलेल्या स्प्रिंगा जवळजवळ सगळा भार घेतात. शेठ फक्त सुरुवात करून देतात.

वजन वाढतं तसा जोरही वाढतो

शटर वर गुंडाळलेलं असतं तेव्हा त्याचं वजन पाइपावर असतं, लटकत काहीच नसतं. खाली ओढाल तशी लटकणारी पट्टी वाढते आणि वजनही वाढतं. पण त्याच वेळी पाइपाभोवतीच्या स्प्रिंगेला पीळ बसत जातो आणि तिचा जोरही वाढतो. दोघांची वाढ बरोबरीने चालते, म्हणून चांगलं बसवलेलं शटर अर्ध्यावर सोडलं तरी जागेवर थांबतं. धाडकन खाली आलं तर पीळ कमी पडतोय. हातातून सुटून वर पळालं तर पीळ जास्त झालाय. एवढी परीक्षा मिस्त्री आल्या आल्या करतो, पाना नंतर काढतो.

बंद दुकानातला तांदळाचा कट्टा

शटर पूर्ण खाली असतं तेव्हा स्प्रिंग सर्वांत जास्त पिळलेली असते. शंभर किलोच्या त्या शटरसाठी तिच्यात साधारण १,२०० ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. रेशनच्या तांदळाचा ५० किलोचा कट्टा अडीच मीटर उंचीवरून डोक्यावर पडला तर जेवढा दणका बसेल, तेवढी. दुकान रात्रभर गाढ झोपलेलं दिसतं, पण त्याच्या कपाळावरचा डबा टक्क जागा असतो. स्क्रू ढिला करून ‘बघू तरी आत काय आहे’ म्हणणाऱ्यांची बोटं आणि मनगटं जातात ती याच ऊर्जेपायी.

नियम सापडला, पण कोड्यात

स्प्रिंगेला जितकं ताणाल तितकी ती जोराने परत ओढते. शाळेत घोकलेला हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६६० मध्ये ओळखला. शोध चोरीला जाऊ नये म्हणून १६७६ मध्ये त्याने तो चौदा अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि उत्तर दिलं थेट १६७८ मध्ये. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्याआधी १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते, असं जव्हारकर अभिमानाने सांगतात. म्हणजे हूकचा नियम शोधून झाला होता, पण त्या मुक्कामाच्या वेळी तो हूकच्याच पोटात होता.

पिळायच्या तारेत बाक, ताणायच्या तारेत पीळ

अमेरिकी गॅरेजच्या दाराला दोन प्रकारच्या स्प्रिंगा लागतात. एक दाराच्या वर, दांड्यावर बसते आणि पिळली जाते. दुसरी दोन्ही बाजूंच्या रुळांजवळ असते आणि ताणली जाते. आता गंमत बघा. पिळल्या जाणाऱ्या स्प्रिंगेची तार प्रत्यक्षात वाकते, आणि ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगेची तार प्रत्यक्षात पिळली जाते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या परीक्षेत भल्याभल्यांची दांडी इथेच उडते.

एका मिलिमीटरने दुप्पट

‘तार जरा जाड टाका, पुन्हा तुटायला नको’ हा गिऱ्हाइकाचा आवडता सल्ला. पण स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळ्याचा व्यास आणि वेढे तेवढेच ठेवून पाच मिलिमीटरच्या जागी सहा मिलिमीटरची तार घातली, तर जोर सव्वापट होत नाही, दुपटीच्याही वर जातो. मग शटर खाली ओढायला दोन माणसं लटकवावी लागतात आणि कुलूप लावेपर्यंत एकाला बॉटम पट्टीवर पाय देऊन उभं राहावं लागतं.

दहा हजार फेऱ्यांचं आयुष्य

अमेरिकेत गॅरेजची साधी स्प्रिंग दहा हजार फेऱ्यांच्या हिशेबाने बनवतात. एक फेरी म्हणजे एकदा वर, एकदा खाली. चौघांचं कुटुंब दिवसाला चार वेळा दार उघडत असेल तर सात वर्षांच्या आतच तिचा खेळ संपतो. हाच हिशेब दुकानाला लावा. सकाळी उघडून रात्रीच बंद करणाऱ्याची रोज एक फेरी होते, म्हणजे सत्तावीस वर्षांची निश्चिंती. दुपारी एक ते चार झोप काढणाऱ्याच्या दोन फेऱ्या होतात आणि आयुष्य निम्म्यावर येतं. पुण्यात चितळ्यांनी २०१७ पासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांनी त्याचा आनंद केला, पण खरा आनंद शटरच्या स्प्रिंगांना व्हायला हवा होता.

दोन इंचांची फट

गॅरेजचं वर उचलायचं दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. लोकांना वाटतं मोटर दार उचलते. मोटर फक्त ढकलते, उचलते ती स्प्रिंगच. म्हणून स्प्रिंग तुटली की मोटर घुरघुरते आणि दार जेमतेम वीतभर हलून थांबतं. तुटताना बंदुकीचा बार उडावा तसा आवाज होतो. घरात चोर शिरला की काय म्हणून माणसं घाबरून गॅरेजमध्ये जातात, तर सगळं जागच्या जागी. मग मान वर करून पाहिलं की दांड्यावरच्या वेटोळ्यात दोनेक इंचांची फट दिसते. पीळ देताना प्रत्येक फेऱ्याला वेटोळं तारेच्या एका जाडीएवढं लांबतं. तुटल्यावर तो पीळ सुटतो, वेटोळं आखडतं आणि फट उरते.

लाल उजवी, काळी डावी, आणि घोटाळा

या स्प्रिंगांच्या टोकाच्या टोपणाला सहसा रंग असतो. उजव्या पिळाला लाल, डाव्या पिळाला काळा. पण दाराकडे आतून पाहिलं तर उजव्या पिळाची स्प्रिंग बसते डाव्या बाजूला, आणि डाव्या पिळाची उजव्या बाजूला. घरच्या घरी हौसेने स्प्रिंग मागवणारे इथे हमखास फसतात. सात फुटी दाराला साधारण साडेसात पूर्ण फेरे पीळ द्यावा लागतो, तोही पाव-पाव फेऱ्याने, दोन भरीव लोखंडी सळया आलटून पालटून खुपसत. सळईच्या जागी स्क्रू ड्रायव्हर घातला आणि तो निसटला तर तो हातात राहत नाही, तोंडावर येतो. १९९३ पासून अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या प्रत्येक नव्या मोटरला, मध्ये कुणी आलं तर दार उलटं फिरवायची सोय सक्तीची झाली. स्प्रिंगेला अशी समज घालायची सोय नाही.

इथे पीळ जळतो

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे सुंभापुरतं खरं. स्प्रिंगेच्या पोलादाचं उलटं आहे. तापवून लाल केलं की त्याचा ताठा जातो आणि ते साध्या तारेसारखं मऊ होतं. सांध्याच्या अगदी शेजारचा भाग तर पटकन थंड होताना काचेसारखा ठिसूळही होऊ शकतो. म्हणून ‘नवी कशाला, वेल्डिंग मारून घेऊ’ ही युक्ती फाटकाला चालते, स्प्रिंगेला चालत नाही. सरकारी कामात शटरसाठी उच्च ताणशक्तीच्या तारेची, २७.५ सेंटिमीटर लांबीची स्प्रिंग मागतात. भंगारातून कुठलीही वेटोळी उचलून ते काम होत नाही.

मिस्त्रीच्या हातून

चांगला मिस्त्री काम कसं करतो ते एकदा उभं राहून पाहा. आधी तो शटर वर चढवतो आणि गुंडाळी दोरीने आवळून बांधतो, म्हणजे ती उलगडत खाली यायला नको. मग वरच्या डब्याचा पत्रा काढतो. गुंडाळीचा भार खालून दोघे धरतात आणि तो पाइपाचा उरलेला पीळ पाइप पान्याने धरून, हळूहळू, फेऱ्याफेऱ्याने सोडवतो. ब्रॅकेटचे बोल्ट त्यानंतरच ढिले होतात. पाइप खाली उतरला की पट्टी सोडवून तुटलेली स्प्रिंग काढतो, आणि बहुतेक वेळा तिच्या शेजारची धडधाकट दिसणारीही काढून टाकतो. त्याने कमिशनसाठी हे केलं असं वाटून घेऊ नका. दोघींनी सारख्याच फेऱ्या मारलेल्या असतात, एक गेली की दुसरीही रांगेतच असते. शेवटी पाइप वर चढतो, पुन्हा मोजून पीळ बसतो, आणि तो शटर अर्ध्यावर सोडून दोन पावलं मागे सरकतो. तिथेच थांबलं तरच बिडी पेटते.

मोखाड्याचा पाऊस आणि स्प्रिंगेचा गंज

स्प्रिंग एका दिवसात तुटत नाही. तारेवर कुठेतरी बारीक ओरखडा पडतो किंवा गंजाने टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. प्रत्येक फेरीला तो केसभर खोल होतो आणि एक दिवस कडाड होतं. जव्हार-मोखाड्यात जूनपासून पाऊस लागला की भिंती ओल धरतात, मग डब्यातली तार कशी कोरडी राहील? पाऊस लागण्यापूर्वी स्प्रिंगांवर पातळ तेल सोडा आणि दिवाळीआधी पुन्हा एकदा. शटर ज्यातून सरकतं त्या बाजूच्या गाइडमध्ये मात्र जाड ग्रीस थापू नका. त्यात धूळ बसून अशी चिकटी तयार होते की चांगली स्प्रिंग असूनही शटर अडतं.

स्प्रिंगेशिवाय जड दारं

सगळी जड दारं स्प्रिंगेवर चालत नाहीत. सर विश्वेश्वरय्यांनी तयार केलेले, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसले. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेही दर पावसाळ्यात आपापल्या वेळी उघडतात आणि त्या बातमीने कोल्हापूर सावध होतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची तऱ्हा तर सर्वांत सोपी. अणकुचीदार खिळ्यांचं ते अवाढव्य दार रोज उघडायचंच कशाला, म्हणून त्यालाच एक छोटा दिंडी दरवाजा ठेवला. माणूस वाकून आत गेला, दार आपल्या जागी.

मोठं शटर, वेगळी व्यवस्था

भारतात लोखंडी रोलिंग शटरसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस ६२४८. सरकारी कामांत हाताने ढकलायचं शटर साधारण आठ चौरस मीटरपर्यंत बेअरिंगशिवाय चालतं, बारापर्यंत बॉल बेअरिंग घालून. त्याच्यावर गिअर आणि साखळी लागते, पंचवीसच्या वर गेलं की वीज. घराखाली ट्रॅक्टर किंवा टेम्पोसाठी मोठं शटर बसवत असाल तर कंत्राटदाराला आधी क्षेत्रफळ विचारा, रंग नंतर.

आता शेवटचं, आणि हे गमतीचं नाही. शटर अचानक जड झालं, एका बाजूला तिरकं झुकलं किंवा डब्यातून कटकट आवाज यायला लागला, तर चार पोरं बोलावून ते जोर लावून वर ढकलू नका. वर गेलेलं शटर खाली येताना कुणाच्या पायावर येईल याचा नेम नसतो. ते आहे तिथे राहू द्या. अर्धवट उघडं असेल तर खाली भक्कम टेकू द्या आणि पोराबाळांना लांब ठेवा. मग मोखाड्याहून असो की जव्हारहून, शटरचा मिस्त्री बोलवा. डब्याला हात लावायचं काम त्याचंच आहे, आणि त्याची मजुरी हाताच्या बोटांपेक्षा स्वस्त पडते.