डबा, नोंदवही आणि गुप्तधनाचा भ्रम

बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली, पुढे बरीदशाही आली, आदिलशाही आली, मोगल आले, निजाम आले, आणि या प्रत्येक सत्तांतराच्या धामधुमीत कोणीतरी कोठेतरी मोहरांचा हंडा पुरून ठेवला असलाच पाहिजे, ही समजूत औराद-भालकीपासून आळंदपर्यंतच्या मुलखात इतकी खोल रुजली आहे की, हातात फोन धरून एखाद्या पडक्या भिंतीपाशी वाकून पाहणारा तरुण दिसला की गावकरी आधी संशयाने न्याहाळतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘‘काय सापडलं का?’’ पायाळू माणसाला भूमिगत द्रव्य दिसते आणि त्या द्रव्यावर भुजंगाचा पहारा असतो, या श्रद्धा निरुपद्रवी वाटल्या तरी त्यांच्यापायी अनेक जुन्या देवळांच्या पायऱ्या रातोरात उखणल्या गेल्या आहेत. कर्नाटकात याविषयी 1962 चा स्वतंत्र कायदा असून जमिनीत निधी सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे प्राप्त असते, ही गोष्ट मात्र हंडा शोधणाऱ्यांच्या गावीही नसते.

जिओकॅशिंग या छंदाचा त्या हंड्याशी काडीमात्र संबंध नाही. एखाद्याने झाकण घट्ट बसणारा, पाणी न शिरणारा डबा घ्यावा, त्यात एक लहानशी नोंदवही घालून तो आडोशाला ठेवावा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करावे, आणि इतरांनी तेथवर जाऊन डबा हुडकावा, वहीत आपले टोपणनाव व तारीख लिहावी व डबा होता तसा, होता तेथेच ठेवून परतावे, एवढाच हा व्यवहार. डबा मोठा असेल तर त्यात गोट्या, बिल्ले, खेळणी अशी किरकोळ चीजवस्तू असते. त्यातले एखादे उचलले तर तितक्याच किंवा अधिक मोलाचे दुसरे ठेवावे, असा शिरस्ता आहे. अनुभवी मंडळी वहीसोबत शिसपेन्सिल ठेवतात, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात पेनातली शाई सुकते आणि श्रावणात वहीवरची शाई फुटते.

हा खेळ संगणकयुगाबरोबरच जन्मला, हेही अर्धसत्यच. इंग्लंडातील डार्टमूरच्या माळरानावर 1854 साली वाटाड्याचा धंदा करणाऱ्या जेम्स पेरॉट याने क्रॅनमिअर येथे एक बाटली ठेवली आणि तेथवर चालत येणारे लोक तीत आपली नावे टाकू लागले; छंदाचे मूळ तेथे आहे. आधुनिक रूप आले ते उपग्रहांमुळे. 1 मे 2000 च्या मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकन सरकारने नागरी वापरासाठीच्या उपग्रह-संकेतात हेतुपुरस्सर मिसळलेली चूक काढून टाकली, आणि लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या जंगलात एक काळी बादली ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात घेवड्याचा एक हवाबंद डबा व एक गलोलही होती. गंमत अशी की आजच्या नियमांपुढे या आद्य डब्याला मंजुरी मिळणे दुरापास्तच, कारण डब्यासाठी खड्डा खणण्यास मनाई आहे आणि खाद्यपदार्थ, मद्य, हत्यारे व स्फोटके आत ठेवणे निषिद्ध आहे. तेव्हा कुदळ-फावडे घेऊन निघालेला मनुष्य या छंदाचा नव्हे, हे गावच्या पोलीस-पाटलानेही ध्यानी ठेवायला हरकत नाही.

फोनचा बाण थेट डब्यावर नेऊन उभा करतो, हा नवशिक्यांचा लाडका गैरसमज आहे. बीदरचे अक्षांश लिहिताना सतरा अंश, चौपन्न-पंचावन्न मिनिटे आणि दशांशचिन्हापुढे तीन आकडे लिहितात; त्यातला शेवटचा आकडा एकाने बदलला तर आपण उत्तर-दक्षिण सुमारे 1.85 मीटर सरकतो, आणि रेखांशाचा तसाच आकडा बदलला तर बीदरच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे 1.77 मीटर. लिखाण इतके बारीक असले तरी फोनला मोकळ्या आभाळाखालीही साधारण पाच मीटरांची चूक होते, आणि उंच तटाच्या कुशीत किंवा वडा-चिंचेच्या दाट छायेत संकेत दगडांवर आपटून येत असल्याने ती दुपटी-तिपटीने वाढते. शेवटची दहा-पंधरा पावले डोळ्यांनीच चालावी लागतात, आणि माझ्या मते छंदाची सारी लज्जत त्या पावलांत आहे.

या मुलखाला अक्षांश-रेखांश परके नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. विल्यम लॅम्बटन याने कन्याकुमारीच्या बाजूने उत्तरेकडे आणलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक आधाररेषा 1815 साली बीदरच्या परिसरात मोजली गेली, 1841 साली अँड्र्यू वॉ याच्या देखरेखीखाली ती पुन्हा मोजली गेली, आणि बीदरच्या ईशान्येचे दामरगिड्डा हे ठाणे पृथ्वीचा आकार ठरविणाऱ्या गणितात अमर झाले. खुद्द लॅम्बटन 1823 साली आपल्या विदर्भातील हिंगणघाटास वारला. त्या सर्वेक्षणातून निघालेले जुने नकाशे अत्यंत काटेकोर आहेत. परंतु त्यांचा पाया लॅम्बटनचा उत्तराधिकारी एव्हरेस्ट याच्या पृथ्वीच्या आकाराविषयीच्या गणिताचा आणि फोनचा पाया निराळ्या गणिताचा असल्यामुळे, जुन्या नकाशावरून उतरून घेतलेले आकडे जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर मनुष्य शंभर मीटरांहून अधिक भलतीकडे जातो. अक्षांश म्हणजे अक्षांश, त्यात जुना-नवा काय, असे म्हणणाऱ्याने ही परीक्षा अवश्य घ्यावी.

सर्वांत घातक गैरसमज असा की, जितकी वास्तू जुनी तितकी डब्याला ती योग्य. बीदरच्या किल्ल्याचा खडकात कोरलेला तिहेरी खंदक, 1472 साली बांधलेला महमूद गवानचा मदरसा, गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद, ही स्थळे पाहून कोणाचेही हात शिवशिवतील. पण ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत, आणि भिंतीतला एक सैल दगड सरकवून त्यामागे डबी बसविणे ही स्मारकाची नासधूसच ठरते. स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरांच्या निषिद्ध क्षेत्राचा नियम बांधकामाविषयी आणि खाणकामाविषयी आहे, डब्याविषयी नाही, असा वकिली युक्तिवाद काहीजण करतात. तो शब्दशः खरा असला तरी त्याने परवानगीची गरज टळत नाही. नौबादच्या करेझची, म्हणजे भूमिगत जलवाहिनीची, उभी विवरे तर जिवाशी खेळ आहेत. देवस्थानाची, वक्फची, वनखात्याची किंवा पहाणीत (जमिनीच्या उताऱ्यात) ज्याचे नाव आहे अशा शेतकऱ्याची जमीन असो, धन्याची संमती आधी, डबा नंतर.

यावर कोणी म्हणेल, मग गुप्ततेचे काय? गुप्तता फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांपुरती असते. रखवालदाराला, पुजाऱ्याला, मुतवल्लीला डबा ठाऊक असलाच पाहिजे. नाहीतर रेल्वे स्थानकाच्या किंवा बीदरच्या वायुदल तळाच्या आसपास चिकटपट्टीने गुंडाळलेली बेवारस वस्तू सापडल्यावर पंचनामा कसला होईल, हे सांगायला नको. डब्यावर तो काय आहे ते ठळक लिहावे, आणि आपल्याकडे ते कन्नड, मराठी व उर्दू अशा तिन्ही लिप्यांत लिहिले तर निम्मे संशय जागच्या जागी विरतात. साधा फोन वापरण्यास कसलीही आडकाठी नाही. परवान्याविना उपग्रह-दूरध्वनी बाळगणे मात्र गुन्हा आहे, आणि परदेशातून सुटीवर आलेल्या आप्तांना हे बजावून ठेवावे.

डब्यावाचून हा छंद होतच नाही, हेही खरे नाही, आणि बीदर व कलबुर्गी (गुलबर्गा) या दोन जिल्ह्यांना तर बिनडब्याचाच प्रकार अधिक शोभतो. त्यात जाहीर केलेल्या स्थळी जाऊन भूस्तर पाहायचा, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे निरीक्षणाने शोधायची आणि ती स्थळकर्त्यास कळवायची. बीदरचे पठार म्हणजे काळ्या बेसाल्टवर चढलेले जांभ्याचे टोपण. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या घट्ट खडकावर अडते आणि कडेला पाझरते, म्हणून तेथे झरे आहेत, आणि याच सांध्याचा माग काढून करेझ खोदली गेली. किल्ल्याचा खंदकही याच जांभ्यात उतरला आहे. कलबुर्गीच्या बाजूस उतरले की भीमाखोऱ्यातला चुनखडक लागतो, ज्याची शहाबादी फरशी सोलापूर-लातूरच्या किती घरांत अंथरली आहे! तिच्या थरांच्या सपाट भेगा खाणीच्या उघड्या कडेत बोटाने मोजता येतात, आणि ही फरशी करवतीविना पहारीने का सुटते, ते तेथे पाहिल्यावरच कळते. अर्थात चालू खाणीत मालकाच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये.

राहता राहिली देखभाल. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर हवे हा नियम पुष्कळांना ठाऊक असतो, पण ठेवणाऱ्याने आपला डबा वेळोवेळी स्वतः तपासायचा असतो, याकडे काणाडोळा होतो. गाणगापुरास दत्तदर्शनासाठी आलेल्या पुणेकराने भीमा-अमरजा संगमाजवळ डबा ठेवून पुण्यास परतावे, तर पहिल्याच पुरानंतर त्या डब्याला वाली उरत नाही, आणि म्हणून अशा प्रवासी डब्यांना स्थानिक राखणदार नसेल तर सहसा मंजुरीच मिळत नाही. बदली होऊन गाव सोडणाऱ्या नोकरदारापुढे दोनच मार्ग असतात: डबा उचलून नोंद बंद करणे, किंवा तो एखाद्या रहिवाशाच्या नावे हस्तांतरित करून देणे, आणि त्याची सोय संकेतस्थळावर आहे.