टर्कीच्या पिल्लांतील पायांचे विकार व प्रारंभिक वाढ : मंचेरियल परिसराच्या संदर्भात

टर्की हा पक्षी भारताला नवा नाही. इ.स. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहा जहांगीरसाठी जे नवलाचे पशुपक्षी आणले त्यांत टर्कीही होता. दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. उर्दूत या पक्ष्याला 'फीलमुर्ग' म्हणतात. फील म्हणजे हत्ती. हे भारदस्त शरीर पेलणारे पाय मात्र आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच घडतात किंवा बिघडतात, आणि पुष्कळदा ते पाळणाऱ्याच्या अजाणतेपणामुळे बिघडतात.

मंचेरियल हा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. ऑक्टोबर २०१६ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. कोंबडीपालन येथे परिचयाचे आहे, टर्कीपालन त्या मानाने फारच थोडे. त्यामुळे टर्कीची पिल्ले आणणारा मनुष्य कोंबडीचा अनुभव जसाच्या तसा त्यांना लावतो. खाद्याच्या दुकानातून कोंबडीच्या पिल्लांचे पोते येते, खोक्यात वर्तमानपत्र अंथरले जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्ले बसून राहू लागतात. कौशल्य अभ्यासक्रम शिकवणाऱ्या प्राध्यापकांपुढे विद्यार्थी नेमका हाच प्रश्न घेऊन येतो.

खाद्याचा विचार प्रथम केला पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार पहिल्या चार आठवड्यांत टर्कीच्या खाद्यात २८ टक्के प्रथिने लागतात. ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लांना सुरुवातीस २३ टक्के पुरतात. नायसिन या जीवनसत्त्वाची गरज किलोमागे ६० मिलिग्रॅम, कोंबडीची ३५. ड जीवनसत्त्वात तर तफावत फारच मोठी आहे : टर्कीला किलोमागे ११०० एकके, कोंबडीला २००. हे किमान आकडे आहेत, आणि तयार खाद्यात कंपन्या सहसा अधिक घालतात, हे खरे. तरीही कोंबडीसाठी बेतलेले खाद्य टर्कीला पुरेलच असे गृहीत धरता येत नाही.

कमतरता कशाची आहे हे पाय पाहून बरेचसे ओळखता येते. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी पडला तर मुडदूस होतो. चोच बोटाने दाबली असता वाकते, हाड रबरासारखे लवचिक लागते. नायसिन कमी असेल तर पाय धनुष्यासारखे वाकतात व घोट्याचा सांधा जाड होतो. मँगेनीज किंवा कोलीन कमी पडल्यास त्याच सांध्यामागची कंडरा जागेवरून सरकते आणि पाय बाजूला फेकला जातो. बोटे आत मुडपली असतील तर रायबोफ्लेविनचा संशय घ्यावा. यांपैकी मुडदूस व मुडपलेली बोटे लवकर लक्षात आल्यास सुधारतात. कंडरा एकदा सरकली की पिल्लू सहसा सावरत नाही. लंगडेपणा दिसताच कॅल्शियमची पूड चारण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. मात्र कॅल्शियम व फॉस्फरस प्रमाणाबाहेर गेले तर मँगेनीज अंगी लागत नाही आणि कंडरेचा विकार उलट बळावतो. सांधा गरम व सुजलेला असेल तर जंतुसंसर्ग संभवतो; तेथे खाद्य बदलून भागत नाही, पशुवैद्यकाकडेच जावे लागते.

सूर्यप्रकाशाचा येथे थेट संबंध आहे. पक्ष्यांच्या कातडीत, विशेषतः पायांच्या पिसे नसलेल्या कातडीत, उन्हामुळे ड जीवनसत्त्व तयार होते. काचेतून येणारे ऊन यासाठी निरुपयोगी ठरते. पिल्ले थोडी मोठी झाल्यावर सकाळचे कोवळे ऊन द्यावे. मंचेरियलच्या मे महिन्यातले दुपारचे ऊन अर्थातच नव्हे.

जमिनीचा दोष अधिक साधा, म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. वर्तमानपत्रावर पाय घसरतात, आणि पहिल्या दिवसांत घसरलेले पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आले तर दोन्ही पाय मऊ पट्टीने योग्य अंतरावर सैल बांधून ते सुधारता येतात. पुढे हा उपाय फारसा चालत नाही. गोदावरीकाठच्या या भातपट्ट्यात धानाचे तूस सहज मिळते. त्याची दोनएक इंच जाड, कोरडी गादी घातल्यास हा विकार बहुतांशी टळतो.

उबेची गोष्टही तशीच. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंशांनी कमी, असा प्रघात आहे. मंचेरियलला उन्हाळ्यात बाहेरची हवाच याहून तापते. जुन्या आदिलाबादच्या हिवाळी रात्री मात्र तेलंगणात सर्वांत थंड रात्रींपैकी असतात. म्हणून थर्मामीटरइतकेच पिल्लांकडे पाहावे : दिव्याखाली गर्दी म्हणजे थंडी, दूर पळून धापणे म्हणजे उष्मा. गारठलेले पिल्लू खाण्यापर्यंत पोहोचतच नाही. टर्कीचे पिल्लू मुळातच खाणे-पाणी शोधण्यात मंद असते व पुष्कळ पिल्ले केवळ उपासाने मरतात. यावर पाण्यात रंगीत गोट्या टाकणे, तसेच पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात १०० मिलिलिटर दूध व दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे देणे असे उपाय सुचवले जातात.

पायांची घडण अंड्यातही चालू असते. टर्कीचे अंडे २८ दिवसांनी उबते, कोंबडीचे २१. या काळात उबवणी यंत्राचे तापमान चढल्यास किंवा मादीच्या खाद्यात मँगेनीज कमी असल्यास पिल्लू अधू पायांनीच जन्मते. पिल्ले विकत घेताना ती चालवून पाहावीत, ते यासाठीच.

हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी 'वनराजा' कोंबडी तयार केली. तिच्या नरवंशाची निवड करताना कोवळ्या वयातील पायाच्या नळीची लांबी हा निकष ठेवला गेला, कारण उघड्यावर वाढणाऱ्या पक्ष्याला कुत्र्या-मांजरापासून पळावे लागते. वनराजाची पिल्लेसुद्धा सुमारे सहा आठवडे निगराणीत वाढवून मगच अंगणात सोडावीत, अशी शिफारस आहे. टर्कीच्या पिल्लांना ही निगराणी कोंबडीहून कमी नव्हे, जास्तच लागते. गावात मात्र ती पुष्कळदा दुसऱ्याच आठवड्यात अंगणात सोडलेली दिसतात.