कारागृहाऐवजी उपचार

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात शोळिंगनल्लूर नावाची वस्ती आहे. २०११ साली ती महानगरपालिकेच्या हद्दीत आली. समजा, तेथील एका तरुणाच्या खिशात तीन ग्रॅम हेरॉइन सापडले. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली पाच ग्रॅमपेक्षा कमी हेरॉइन हे ‘अल्प प्रमाण’ गणले जाते. त्याबद्दल एक वर्षापर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. हा तरुण स्वतः व्यसनाधीन असेल, तर त्याला तुरुंगात ठेवून काय साधेल?

हेरॉइन हे अफूपासून काढलेल्या मॉर्फिनचे रूपांतर होय. त्याची सवय जडलेल्या शरीराला ते मिळेनासे झाले, की आठ-बारा तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, हातापायांत वेदना अशी लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचा कळस होतो आणि आठवड्या-दहा दिवसांत ती ओसरतात. एवढे काम तुरुंगाची भिंतही करील. परंतु ओढ मात्र कित्येक महिने टिकते, आणि दरम्यान शरीराची सहनशक्ती घटलेली असते. सुटून आलेला मनुष्य पूर्वीचीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास बंद पडतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे या दृष्टीने अत्यंत धोक्याचे असतात. सक्तीच्या उपचारगृहातून पुढील व्यवस्थेवाचून बाहेर पडणाऱ्यासही हाच धोका आहे, हे विसरता कामा नये.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे २००६ साली असे एक सक्तीचे उपचारकेंद्र उघडण्यात आले. तेथे कैद्यास प्रथम पूर्ण बंदिवास, मग अंशतः मोकळीक आणि शेवटी देखरेखीखाली समाजात वास्तव्य, अशा तीन पायऱ्यांनी नेतात. भारतीय कायद्याची रीत वेगळी आहे. कलम ३९ अन्वये न्यायालय दोषी व्यसनाधीनाचे वय, पूर्वचरित्र व प्रकृती पाहून, लगेच शिक्षा न देता, त्यास सरकारी वा शासनमान्य संस्थेत उपचारासाठी पाठवू शकते. मात्र त्याची संमती घ्यावी लागते. एका बाजूस तुरुंग दिसत असताना दिलेली संमती कितपत मोकळी, अशी शंका येणे साहजिक आहे. तरीही ती विचारली जाते, हे थोडे नव्हे.

निवासी उपचारांचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. चेन्नईतच शांती रंगनाथन यांनी १९८० साली टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन स्थापिले. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. औषधांनी शरीर सावरल्यावर खरे काम सुरू होते, म्हणून समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि पुढील पाठपुरावा यांवर तेथे भर असतो.

शोळिंगनल्लूरच्या त्या तरुणास एक वर्षाच्या आत न्यायालयापुढे उपस्थित राहून उपचारांचा अहवाल द्यावा लागेल. तो समाधानकारक असल्यास समज देऊन व तीन वर्षांपर्यंतचे बंधपत्र घेऊन त्याची सुटका होऊ शकते. बंधपत्र मोडल्यास राखून ठेवलेली शिक्षा त्याच्यापुढे उभी राहते.