वजनकाटा जे सांगत नाही

वजनकाट्यावर उभे राहिले की आकडा मिळतो. त्या आकड्याचा माणसाच्या रोजच्या जगण्यावर किती भार पडतो, हे काटा सांगत नाही. उंची व वजन यांवरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्सही याबाबतीत मुकाच. तो सारखाच असलेल्या दोघींपैकी एकीला जिना चढताना धाप लागते; दुसरी सहज चढते, पण लग्नसमारंभाला जाणे टाळते.

हा भार मोजण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोनेट कोलोटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मूळ रूपात ७४ विधाने होती. ती भरताना रुग्ण कंटाळावा, एवढी ती लांब! २००१ मध्ये ती ३१ विधानांवर आणण्यात आली. शारीरिक हालचाल, आत्मसन्मान, लैंगिक जीवन, चारचौघांतील अवघडलेपण आणि कामकाज असे तिचे पाच विभाग. गेल्या आठवड्यात वजनामुळे अमुक त्रास झाला का, याचे उत्तर ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंतच्या पाच पर्यायांतून निवडायचे. गुण शून्य ते शंभर. शंभर म्हणजे त्रास सर्वांत कमी. उपचारापूर्वी व नंतर ती भरून घेतली, की किलो घटल्याने जगणे खरोखर सुकर झाले का, हे पडताळता येते.

किशोरांना हे माप जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांचे दुःख कार्यालयातले नसून वर्गातले असते. म्हणून ११ ते १९ वर्षे वयोगटासाठी २००६ मध्ये २७ विधानांची स्वतंत्र प्रश्नावली आली. तीत शारीरिक स्वास्थ्य, स्वतःच्या शरीराविषयीची भावना आणि मित्रमंडळींतील वावर यांच्या जोडीला कौटुंबिक संबंधांचाही विभाग आहे. तो असणे योग्यच. कारण ‘जाड्या’ ही हाक पुष्कळदा घरातूनच सुरू होते.

गोव्याला हा विषय परका नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील १५ ते ४९ वयोगटातील एक तृतीयांशाहून अधिक महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. मात्र अशी प्रश्नावली येथे वापरायची तर नुसता शब्दशः अनुवाद पुरणार नाही. मूळ विधानांत नाट्यगृहातील व विमानातील आसनांचा उल्लेख येतो. येथे कदंबच्या बसमधील तिघांचे बाक आणि पायलटच्या दुचाकीची मागची जागा विचारात घ्यावी लागेल.